वैनीला सांगा

परवा सांगलीत एका कॉलेजात व्याख्यान होतं. विषय माझा नेहमीचाच, अतिशीत अणूंचा. पोरांनी शांतपणे ऐकलं, शेवटच्या बाकावरच्या एकानं याचा उपयोग काय असं विचारलं, मी दरवेळी देते तेच उत्तर दिलं, मग शाल-नारळ झाला. स्टँडकडे येताना रिक्षावाल्यानं गर्दी चुकवायला म्हणून मार्केट यार्डाच्या बाजूनं रिक्षा घातली आणि एकदम हळदीचा वास आला. फेब्रुवारी होता, वास येणारच. पोत्यांतल्या वाळलेल्या हळदीचा वास कोरडा असतो, नाकात चढतो. मला शिंक आली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते शिंकेमुळंच, असं मी रिक्षावाल्याला त्यानं न विचारताच सांगून टाकलं.

आई दिवाळीच्या आधी गेली. तिनं आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लावलेली हळद मात्र तिच्या मागं वाढत राहिली, पिवळी पडली, वाळली. ती आता काढायला आली होती. भाऊ सैन्यात, तो यंदा लांब आहे. त्यानं फोनवर सांगितलं होतं की ज्याला हवी त्यानं काढून न्यावी, आपण आता त्यात पडायचं नाही. मी हो म्हटलं होतं. मला ते हो म्हणणं सोपं गेलं होतं, कारण पुण्यात बसून हळद दिसत नाही, तिचा वासही येत नाही.

रिक्षातूनच चुलतभावाला, तुषारला फोन लावला. तो मोटारसायकलवर होता. वाऱ्यात ओरडून म्हणाला, उद्या काहील लागतीय, ये. आणि फोन कट. काहिलीपाशी कोण कोण असणार, हे विचारायचं राहूनच गेलं. खरं तर मला तेवढंच विचारायचं होतं.

काहील म्हणजे हळद शिजवायची मोठी लोखंडी कढई. जमिनीत उकरलेल्या चुलवाणावर ती ठेवायची, ओली हळद भरायची, पाणी ओतायचं, वर हळदीचाच पाला दाबायचा आणि खालून जाळ. आमच्या कोरेगावच्या बाजूला आता वाफेचे बॉयलर भाड्यानं मिळतात, अर्ध्या दिवसात घराची हळद शिजवून बॉयलरवाला पुढच्या गावाला जातो. पण आमच्या तीन घरांत काहीलच चालत आली. ती आजोबांच्या वेळची. वाटणी झाली तेव्हा जमीन तोडली, बैल तोडले, भांडी तोडली, पण काहील कुणाच्या वाट्याला घालायची यावर एकमत झालं नाही. म्हणून ती तिघांत सामाईक राहिली. काहील सामाईक, म्हणून पैराही राहिला. पैरा म्हणजे आज तुमच्या रानात आम्ही राबायचं, उद्या आमच्यात तुम्ही. त्यात मजुरी नाही आणि आभारही नाहीत.

तीन घरं म्हणजे माझे वडील, मधले आप्पा आणि धाकटे तात्या. वडील थोरले, ते बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आमच्या घराची हळद म्हणजे आईची हळद. वाटणीत तिची पट्टी मधे आली होती, वरच्या अंगाला आप्पांची आणि खालच्या अंगाला तात्यांची. आणि आप्पा-तात्यांचा अबोला होता. कारण विचाराल तर कुणी पाटाचं पाणी सांगतं, कुणी बैलजोडी सांगतं. आईचं म्हणणं होतं की तात्यांच्या पोरीच्या लग्नात फेटे बांधताना आप्पांना हाक मारायची राहिली, तेव्हापासून. एक फेटा राहिला आणि दोन सख्खे भाऊ समोरासमोर आले तरी आभाळाकडे बघायला लागले.

तरी हळदीला दोघं यायचे. एक काहिलीच्या या बाजूला, एक त्या बाजूला, मधे हातभर वाफ. आप्पा पाणी आणि पाला बघायचे, तात्या जाळ. एकमेकांशी चकार शब्द नाही. आणि तरी सगळं बोलणं व्हायचं. आप्पा म्हणायचे, वैनीला सांगा, जाळ लय झालाय. तात्या दोन हातांवर, त्यांना ते स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं, पण ते हलायचे नाहीत. मग आई काहिलीला वळसा घालून तात्यांपाशी जायची आणि सांगायची. तात्या जाळ ओढायचे आणि म्हणायचे, वैनीला सांगा, वडलाय. आई परत वळसा घालायची. आई अंगानं काटकुळी, नऊवारी लुगडं खोचून दिवसभर त्या दोन दांडग्या माणसांच्या मधे ये-जा करायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच काहिलीपाशी असं असतं.

उपमा देणाऱ्यांचा मला जरा रागच आहे. माणसं म्हणजे अणू नव्हेत, हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना बजावते. पण मी ज्या विषयात केस पांढरे केले, त्यातलं पहिलं चित्र फळ्यावर काढताना मला काहील दिसते, त्याला मी काय करू? दोन जड अणू घ्यायचे, ज्यांचं आपापसात काही जमत नाही. दोघंच ठेवले तर ते जवळ येऊन नुसते निघून जातात. त्यात एक हलका अणू सोडायचा. तो दोघांच्या मधे इकडून तिकडे पळत राहतो. त्याच्या पळण्यानंच त्या दोन जडांत ओढ तयार होते आणि तिघं मिळून बांधले जातात. अट एकच, सगळं अतोनात गार हवं, रिकाम्या आकाशाहून गार. आणि तिघांतला एक जरी काढला तर उरलेले दोन सुटतात. म्हणजे दोघांची गाठ नसतेच, गाठ असते ती तिघांची. हे गणितानं आधी सांगितलं आणि प्रयोगात पुष्कळ उशिरा दिसलं.

आईला हे एकदा समजावून सांगितलं होतं. ती हळकुंडं मोडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की एवढं गार करायला वीज किती लागते. मग म्हणाली, तुमच्यात बरं हाय, ती अणू दमत न्हाईत. मी हसले होते. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच वाटलं.

मला आठवतो तो हंगाम काही वर्षांपूर्वीचा. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. भावाला रजा मिळाली जानेवारीत, म्हणून ऑपरेशनही जानेवारीत. रजा हंगाम बघून मिळत नाही. सांगलीला मामा असतात, त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे ते झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंब दिले आणि सांगितलं, महिनाभर धूर नाही, जाळ नाही, वाकायचं नाही. आई निमूट होय होय म्हणाली. गाडीत बसल्यावर मात्र बोलली की डॉक्टरला हळद ठाऊक दिसत न्हाई.

रजा संपून जाताना भावानं ओसरीवर स्पष्ट सांगितलं. यंदा हळद अडली तर पुरे झालं. आप्पा-तात्यांच्या मधे नाचायला तू काय आता तरणी नाहीस. पैरा मोडला की पट्टी दुसऱ्याला खंडानं कसायला देऊन टाकायची आणि तू माझ्याबरोबर क्वार्टरमध्ये यायचं. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पैऱ्यातून बाहेर पडलेली एकटी बाई गावात नुसती हळदीला अडत नाही, पाण्याच्या पाळीला अडते, मातीच्या भरणीला अडते, सगळ्यालाच अडते. आईनं नुसता चष्मा सारखा केला. तो गेल्यावर मला म्हणाली, तितं गॅलरीत बसून मी काय करू? मला तितं कोन वळखतं?

थेंब घालायला म्हणून मी रजा टाकून आले होते. बरोबर लॅपटॉप होता आणि लॅपटॉपात एक न सुटणारं गणित. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं दोन जातींच्या अणूंचं मिश्रण गार करून ते किती वेगानं नाहीसं होतं ते मोजलं होतं. हो, आमच्या विषयात बऱ्याचदा अणूंचं नाहीसं होणंच मोजतात, तेवढंच हाताला लागतं. माझं मॉडेल त्या मोजमापाशी काही केल्या जुळत नव्हतं. मला दोघादोघांतलं सगळं माहीत होतं. जडाचं हलक्याशी कसं, जडाचं जडाशी कसं, आकडे तयार होते. पण नुसते दोघांचे आकडे घालून तिघांचं समीकरण सोडवायला गेलं की त्याला तळच लागत नाही, ते कोसळतच राहतं. त्याला थांबवायला आणखी एक आकडा लागतो. तो दोघांत कुठंच सापडत नाही, तिघं एका जागी आले तरच असतो. मी ओसरीवर बसून त्या आकड्याच्या मागं होते. दुपारी वीज जायची, मग लॅपटॉप मिटून आईशेजारी बसायचं.

हळद काढायची वेळ आली तशी तुषारनं अक्कल लढवली. तो आप्पांचा मुलगा, साताऱ्याला एका कंपनीत नोकरीला, पोरगा गुणाचा, पण त्याला सगळं सुटसुटीत हवं असतं. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘हळद पैरा’. आप्पा, तात्या, आई, मी, आणि मुंबईपासून पठाणकोटपर्यंत पसरलेली भावकी. त्याचं म्हणणं, आता काकीनं कशाला पळायचं? ज्याला जे सांगायचं ते त्यानं ग्रुपवर टाकावं, समोरच्यानं वाचावं, संपला विषय. मला कल्पना पटली. दोन टोकांत सरळ तार असताना मधे माणूस कशाला, असं कुणाही शिकलेल्या माणसाला पटेल.

पहिला दिवस चांगला गेला. कुणी काहिलीचा फोटो टाकला, कुणी हात जोडले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी आवाजाचा संदेश टाकला. जाळ घालणाऱ्यानं यंदा डोळे उघडे ठेवून घालावा, मागल्या साली तळ करपला हुता. तात्यांनी लगेच उलट टाकलं, मागल्या साली पाणी कुणी कमी वतलं ते आधी बोला. मग आप्पांनी पाटाचं पाणी काढलं. तात्यांनी बैलजोडी काढली. दुपारपर्यंत गाडी लग्नातल्या फेट्यापाशी आली, आणि हे सगळं पठाणकोटमध्येसुद्धा ऐकू गेलं. चार वाजता आप्पांनी ग्रुप सोडला. सव्वाचारला तात्यांनी सोडला. आई सारखी विचारत होती काय चाललंय, तिच्या डोळ्यांत थेंब होते आणि संदेश मी फोन कानाला लावून ऐकत होते. मी म्हटलं, काही नाही.

तो संदेश आप्पा दरवर्षीच देत असत, अगदी त्याच शब्दांत, फरक एवढाच की दरवर्षी तो आईकडे जायचा. मला हे तेव्हा उमगलं नाही. मला एवढंच दिसलं की आईची हळद काढून रानात ढीग पडलाय, वर पाला झाकलाय, आणि चुलवाण उकरायला कुणी आलेलं नाही. तुषार खजील होऊन म्हणाला, आता ज्याचा त्यानं बॉयलर सांगू. मी बॉयलरवाल्याचा नंबर काढला. आई म्हणाली, जरा दम धर. बॉयलर आला की यंदाची हळद शिजंल, पर म्होरल्या सालापास्नं तीन घरं तीन वाटंनं. मग मला ने म्हणावं क्वार्टरात.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बाज उचलायला लावली. वारा कुठून आहे ते पदर धरून बघितलं आणि जुन्या चुलवाणापासून पुष्कळ लांब, धूर येणार नाही अशा बाजूला, आपल्या पट्टीतल्या शेवग्याखाली बाज टाकायला सांगितली. काळा चष्मा लावून ती तिथं बसली. कुणाला निरोप नाही, बोलावणं नाही. मी शेजारी पोत्यावर लॅपटॉप घेऊन बसले. रानात बसून अणूंची समीकरणं सोडवणारी बाई बघायला दोन-चार पोरंही येऊन गेली.

दहाच्या सुमाराला आप्पा आले. डोळ्याचं विचारायला म्हणून. बसले, तंबाखू मळली, डोळ्याचं विचारून झालं. उठताना ढिगाकडे बघत म्हणाले, “वैनी, त्याला सांगा, चुलवाण उकरायचं तर जुन्या जागीच उकर. नव्या जागंला जाळ धरत न्हाई, एवढीबी अक्कल न्हाई त्याला.” आणि गेले. थोड्या वेळानं तात्या आले, तेही डोळ्याचंच विचारायला. आई त्यांना म्हणाली की आप्पा भावजी इचारत हुतं, चुलवान कुटं उकरायचं. जुन्या जागंला जाळ बरा धरायचा न्हवं का, ते तुमालाच ठावं. तात्या म्हणाले, व्हय तर, जुनीच जागा. मला शिकवायला त्यो कशाला पायजे, माजी दाढी पांढरी झाली. तात्या गेले. आप्पा परत आले. आईनं सांगितलं, धाकलं भावजी म्हणत्यात, आप्पांनी सांगितलीया तीच जागा बरुबर.

त्या दिवशी चुलवाण उकरलं गेलं. दुसऱ्या दिवशी काहील चढली. आणि मग मजा सुरू झाली. आई बाजेवरून हलणार नव्हती, डॉक्टरांची शपथ होती. त्यामुळं जाळ कमी करा हे सांगायला आप्पा काहिलीपासून शेवग्यापर्यंत चालत यायचे. ते सांगून गेले की आई मला तात्यांना बोलवायला लावायची. तात्या चालत यायचे, निरोप घ्यायचे, जाऊन जाळ ओढायचे आणि ओढलाय हे सांगायला परत यायचे. त्या हंगामात हलका कण बसून राहिला आणि दोन जड कण पळाले. दोघांची पायताणं झिजली असतील. पण दोघांपैकी एकालाही वाटलं नाही की काहिलीपाशी तोंड उघडून सरळ बोलावं.

मी तिच्या शेजारी बसल्यामुळं मला निरोप आत जाताना ऐकू यायचा आणि बाहेर पडतानाही. आधी कधी हे दोन्ही मी एकदम ऐकलं नव्हतं. आत जायचं ते निखारे असायचे आणि बाहेर यायची ती चार समजुतीची वाक्यं. मी तिला म्हटलं, आई, तू सरळ सरळ खोटं सांगतेस. आप्पा एक म्हणाले, तू दुसरंच सांगितलंस.

“खोटं कुटं?” ती म्हणाली. “भाजी निवडून दिली. काड्या काढल्या, पानं तीच हायती.”

शिजणाऱ्या हळदीचा वास वाळलेल्या हळदीसारखा नसतो. ओल्या मातीचा असतो, थोडा कापराचा, थोडा कडू, आणि वाफेबरोबर तो अंगावर बसतो. पाल्याच्या कडेनं फेस येतो. तात्या एक काडी घेऊन हळकुंडात टोचायचे, काडी आरपार गेली की हळद झाली. मग ती उपसून पसरायची, अंगण पिवळं, पाय पिवळे, कुत्रंसुद्धा पिवळं. माझ्या लॅपटॉपच्या बटणांना लागलेला पिवळा रंग पुण्याला गेल्यावरही निघाला नाही. संस्थेतल्या एका सहकाऱ्यानं विचारलं की घरी लग्न होतं का. मी होय म्हटलं, समजावत कोण बसणार.

थेंब घातले की आईनं थोडा वेळ डोळे मिटून पडायचं असे. ती वेळ बोलण्याची. एका दुपारी मी सहज विचारलं, निवडलेल्या काड्या तू टाकतेस कुठं?

तिला प्रश्न बरोबर कळला. ती म्हणाली, जाळात. दरवर्षी सकाळी चुलवाण पेटवायला तीच पहिली जायची, कुणी यायच्या आत. तिथं ती एकटी बसून सगळं बोलून टाकायची. आप्पांनी तात्यांना काय काय म्हटलं, तात्यांनी आप्पांना काय, आणि तिला स्वतःला दोघांबद्दल काय वाटतं. उसाचं पाचट घालायचं आणि बोलायचं. मग दिवसभर मोकळी. यंदा डॉक्टरांनी जाळच तोडला.

“दोघांचं ऐकून ऐकून माज्यात किती साठलं आसंल, हे कुनी इचारलं न्हाई,” ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. “यंदा तुला सांगतीया. ऐक गप.”

मी ऐकलं. त्या महिन्यात रोज ऐकलं. वडील गेले त्या दिवशी कोण काय बोललं होतं, फेट्याच्या वेळी तिनं स्वतः तात्यांना खूण केली होती आणि त्यांनी मुद्दाम बघितलं नव्हतं, आप्पांनी तिच्या पाळीचं पाणी कितीदा न सांगता आपल्या रानात सोडलं होतं आणि ते तिनं तात्यांना कधीच का कळू दिलं नाही. काही ऐकून मला हसू आलं. काही ऐकून दोघांचा इतका राग आला की उठून काहिलीपाशी जावं आणि दोघांना एकदाच सुनवावं. वाईट तर वाटलंच. एवढी वर्षं ती दमत होती आणि मी तिच्यावरून फळ्यावर चित्रं काढत होते.

आमच्या गणितात या तिसऱ्याची आणखी एक गोष्ट आहे, ती मी व्याख्यानात पटकन उरकते. तीन अणू फार जवळ आले की कधी कधी त्यांतल्या दोघांची पक्की जोडी जमते. जोडी जमताना ऊर्जा सुटते, आणि ती कुणीतरी घेऊन गेल्याशिवाय जोडी टिकत नाही. झटका सगळ्यांनाच बसतो, पण ऊर्जेचा मोठा वाटा तिसऱ्याच्या अंगावर येतो आणि तो अणू धरून ठेवणाऱ्या सापळ्याबाहेर फेकला जातो. प्रयोगशाळेत मोजतात ते नाहीसं होणं हेच. सगळं गार राहतं, कारण गरम झालेला निघून जातो. त्या दुपारपासून हे वाक्य मला वर्गात म्हणता येत नाही. मी समीकरण लिहिते आणि पुढं जाते.

आता इथं असं लिहिलं की आईचं ऐकता ऐकता मला तो हरवलेला आकडा सापडला, तर लेख छान होईल. तसं झालं नाही. आकडा सापडला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुण्यात, आणि सापडला तो माझ्या प्रोग्राममध्ये एक चिन्ह उलटं पडलं होतं ते दिसलं म्हणून. शोधनिबंध निघाला, बराच वाचला गेला. आईला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, लय दिवस डोकं खाल्लंस.

त्या हंगामात तिन्ही घरांची हळद शिजली, वाळली, सांगलीला गेली. भावानं क्वार्टरचा विषय परत काढला नाही. पुढच्या वर्षी आई पुन्हा काहिलीपाशी उभी राहिली, आणि त्याच्या पुढच्याही. मी मात्र दर हंगामात दोन दिवस जायला लागले. जायचं, सकाळी तिच्याबरोबर चुलवाणापाशी बसायचं, ती जाळाशी बोलायची ते ऐकायचं. चौघांचं गणित तिघांहून अवघड असतं, ते कुणालाच अजून नीट सुटलेलं नाही. मी त्यात पडले नाही, नुसती बसायची.

मग यंदाची दिवाळी यायच्या आत एका सकाळी आई पाट बघायला जाते म्हणून निघाली आणि बांधावरच बसली ती बसलीच. हृदय, डॉक्टर म्हणाले. दिवसांना आप्पाही होते, तात्याही होते, मांडवाच्या दोन टोकांना. मी तेव्हाच मनाशी हिशेब संपवला. तिसरा काढला की उरलेले दोघं सुटतात. हे मला कुणी शिकवायला नको होतं, माझंच ते काम आहे.

सांगलीची गाडी उंब्रजला सोडली, रात्री मैत्रिणीकडे राहिले आणि सकाळी मसूर-रहिमतपूरच्या रस्त्यानं गावाकडे निघाले. दोन्ही बाजूंना ऊस तुटत होता. मी स्वतःला तयार करत होते की काहिलीपाशी एकटा तुषार असेल, किंवा बॉयलर लागला असेल आणि पोरगं आपल्या बोलण्याच्या सवयीनं त्यालाच काहील म्हणत असेल. फाट्यावर उतरून चालायला लागले तेव्हा वास आला. मातीचा, कापराचा, कडवट. बॉयलरलाही असाच वास येतो, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

जुन्या जागीच चुलवाण होतं. काहील चढलेली होती आणि आत आईची हळद होती. तिच्या पट्टीतली, तिनं लावलेली. या बाजूला आप्पा, त्या बाजूला तात्या. दोघं म्हातारे दिसत होते. तुषारनं मला लांबूनच सांगितलं की आपल्यापेक्षा काकीची आधी काढायची, हे दोघांनी वेगवेगळं त्याला सांगितलं होतं, आणि तिची पाण्याची पाळी सगळा हिवाळा कधी एक, कधी दुसरा भागवत आला होता. तुषार मधे होता तर, असं मला वाटलं. मग वाटलं, आता मी आले, आता तो मान माझा.

मी गेले आणि काहिलीपाशी उभी राहिले. आप्पा म्हणाले, आलीस? तात्यांनी मान हलवली. मला कळत होतं की आता कुणीतरी म्हणेल, पोरी, त्याला सांग. मी मनातल्या मनात तयारीसुद्धा केली होती. आत काय येईल आणि त्यातल्या काड्या कशा काढायच्या. मला ते जमेल असं वाटत होतं, इतकी वर्षं ऐकलं होतं.

आप्पांनी पाला दाबला. वाफ तोंडावर आली तशी ते जरा मागं झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तुषारकडे बघितलं नाही. वाफेकडे बघत म्हणाले, “वैनी, त्याला सांगा, जाळ जरा वडून घे. माज्या बोलण्याचं वाईट मानू नगं म्हणावं.”

तात्या वाकलेले होते. त्यांनी दोन लाकडं बाहेर ओढली, राखेत विझवली, आणि खाली बघतच म्हणाले, “वैनी, वडलाय म्हणावं. आन त्यास्नी सांगा, तितं धुरात हुबं राहू नगा, डोळं ऱ्हायाचं न्हाईत.”

दोघांनी आपापली भाजी आधीच निवडून आणली होती. तुषार मोबाइल बघत होता, त्याला काही वेगळं वाटलं नाही, त्याला ही रोजचीच सवय झालेली दिसली. दोघांपैकी कुणी मला काही सांगत नव्हतं, आणि त्यांच्या मधल्या हातभर जागेत मी उभी होते.

मी दोन पावलं मागं सरले. ती जागा आईची होती.